माईंचा माठ कुणी उचलला?

बी-४०२ ताई: वॉचमन केबिनशेजारचा माईंचा माठ कुणी उचलला? तिवईसकट गायब आहे. माईंना जाऊन आज नववा दिवस. उद्याचा दहावा तरी होऊ द्यायचात!

सी-२०१: काय झालं ताई?

बी-४०२ ताई: वर मराठीतच लिहिलंय.

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. माठाखाली पाणी सांडून शेवाळ धरत होतं. शिवाय पालिकेची डासांच्या अळ्यांची तपासणी चालू आहे, दंड झाला तर सगळ्यांवर येईल. म्हणून हाऊसकीपिंगला माठ हलवायला मीच सांगितलं. माईंचा अनादर करण्याचा हेतू नव्हता. कृपया भाषा जपून वापरावी.

खजिनदार: रविवारी सायं. ६ वा. माईंची श्रद्धांजली सभा. ए विंगच्या पार्किंगमधील गाड्या दुपारी ४ पर्यंत काढाव्यात.

बी-४०२ ताई: साहेब, अंड्यातून डास बाहेर पडायला आठवडा तरी लागतो. माई रोज पहाटे माठ पालथा घालायच्या, नारळाच्या शेंडीने आतून घासायच्या आणि फडक्यातून गाळून नवीन पाणी भरायच्या. उन्हाळ्यात वाळ्याची जुडी टाकायच्या. गुडघे दुखत असतानासुद्धा. अळी होईल कशी? पाणी साचलं असेल तर ते या नऊ दिवसांत. आपल्यातल्या एकालाही माठ भरायचं सुचलं नाही, मलाही नाही.

ए-७०३ नाना: लिफ्टजवळच्या बोर्डावर ‘कै.’ लिहिलंय. माई माळकरी होत्या. ‘वै.’ पाहिजे.

सी-५०४: नाना, एका अक्षराने काय बिघडतं? देव एकच.

ए-७०३ नाना: तुम्हाला एक अक्षर. माईंनी लग्नाआधी माळ घातली ती शेवटपर्यंत. एकादशी चुकवली नाही, हरिपाठाशिवाय रात्री जेवल्या नाहीत. माळकऱ्याला वैकुंठवासी म्हणतात. दुरुस्त करून घ्या.

सी-१००३: आम्ही मागच्या वर्षीच राहायला आलो. माई म्हणजे गेटपाशी पांढऱ्या पातळात बसायच्या त्या आजी ना? माझ्या मुलाला रोज खडीसाखर द्यायच्या.

ए-२०५: हो त्याच. सेल विंगमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना विकलेल्या नव्या फ्लॅटांत, इतकं तरी माहीत आहे हे ऐकून बरं वाटलं.

सी-१००३: टोमणा कळला. आमच्या लिफ्टचं दार तुमच्या बाजूला उघडत नाही, हे काही आम्ही ठरवलेलं नाही.

सेक्रेटरी: हा विषय इथे नको. विनंती.

खजिनदार: रविवारी सायं. ६ वा. सभा. ए विंगच्या गाड्या दुपारी ४ पर्यंत काढाव्यात.

ए-१०४ काका: मला टाइप करायला वेळ लागतो, तरी लिहितो. नवीन मंडळींनी वाचावं. आज जिथे तुमचं पोडियम आहे तिथे आमची चाळ होती. माईंची खोली १० बाय १२. तिच्यात नवरा, सासू, तीन पोरं आणि २२ जणांची खानावळ. जेवायला येणारे सगळे गिरणीतले, बायका-पोरं गावाला ठेवून आलेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. माईंचा नवरा त्यातलाच. पगार बंद झाल्यावर खानावळीचे पैसे कोण देणार? दोन महिन्यांनी माझी आई म्हणाली, अगं आता बंद कर. माई म्हणाल्या, ताटावर बसलेल्याला उठ कसं म्हणू? मंगळसूत्र गहाण टाकलं, दुपारी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जायला लागल्या. भाजीऐवजी नुसती आमटी झाली, पण ताट वाढलं गेलं. उधारीची एक वही होती. ती त्यांनी कधी कुणापुढे उघडली नाही. तो संप आजपर्यंत रीतसर मागे घेतलेला नाही, तशी ती वहीही मिटवली नाही. नंतर एक जण कोरेगावहून वाघ्या घेवड्याचं पोतं खांद्यावर घेऊन आला होता. माईंनी त्यातला निम्मा चाळीत वाटला.

बी-४०२ ताई: काका 🙏

सी-२०१: हे माहीतच नव्हतं.

डी-३०२: 🌹 भावपूर्ण श्रद्धांजली 🌹

सी-५०४: छान आठवण. एक शंका होती. माईंचे डोळे दिले असं ऐकलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असताना चालतात का? आमच्या गावी तर म्हणतात, डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळेपण येतं.

ए-७०३ नाना: पुढच्या जन्माची काळजी तुम्ही करू नका. आधी बोर्डावरचं ‘कै.’ काढा.

माईंची सून (ए-३०१): मी सांगते. मोतीबिंदूत आतलं भिंग बदलतात. नेत्रपेढी घेते ते पुढचं पारदर्शक बुबुळ, त्याचा ऑपरेशनशी संबंध नाही. वयाचीही अडचण नाही. सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वीच मला पढवून ठेवलं होतं, घरच्यांनी रडत बसू नये म्हणून. पंखा बंद कर, पापण्या मिटव, त्यांवर ओला कापूस ठेव, डोक्याखाली दोन उशा ठेव आणि लगेच फोन कर, सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. त्या रात्री सव्वादोनला गेल्या. माझे हात थरथरत होते. कापूस सापडेना तेव्हा देवघरातल्या वातींचा घेतला, त्यांनीच वळलेल्या. पेढीची माणसं पहाटे चारला आली, वीस मिनिटांत गेली. चेहरा होता तसाच होता. पुढच्या जन्माचं मी त्यांनाही विचारलं होतं. म्हणाल्या, पांडुरंग हिशेब ठेवतो, पण असला नाही.

सी-५०४: माफ करा वहिनी. फॉरवर्ड वाचलं होतं. फॉर्म कुठे भरायचा?

माईंची सून: रविवारी आणून ठेवते. घरच्यांना सांगून ठेवणं मात्र फॉर्मपेक्षा महत्त्वाचं.

माईंचा नातू: मी दहावीनंतर आजीबरोबर वारीत चाललो होतो. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, तिथून चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणापर्यंत. मला वाटलं आजीला सांभाळावं लागेल. मुक्कामाला पोचल्यावर मी आडवा झालो आणि ती तेलाची बाटली घेऊन अनोळखी बायकांचे पाय चोळत बसली.

खजिनदार: एक प्रस्ताव. सभेत माईंचा मोठा फोटो आणि ग्रॅनाइटचा नामफलक. प्रत्येक फ्लॅटमागे ५०० रु. सोसायटीच्या निधीतून करता येणार नाही, त्यासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल.

सी-८०२: मेंटेनन्स आत्ताच वाढवलाय. ऐच्छिक ठेवा.

ए-२०५: ५०० रुपयांत माणूस गरीब होत नाही. माईंनी कुणाकडे ऐच्छिक मागितलं होतं?

सी-८०२: ज्यांना पटेल त्यांनी द्यावं एवढंच म्हणतोय. आवाज चढवू नका.

ए-१०४ काका: माईंना फोटो काढून घेतलेला आवडायचा नाही. सोसायटीच्या २५ वर्षांच्या अंकातही त्या नाहीत.

बी-४०२ ताई: दर महिन्याला जुन्या साड्या मागून न्यायच्या, आठवतं ना? त्याच्या गोधड्या शिवून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत द्यायच्या. परळला कॅन्सरवर उपचार घ्यायला बाहेरगावहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. मी एकदा बरोबर गेले होते. विदर्भातली एक बाई जिन्यात बसून रडत होती. माई तिच्या शेजारी तासभर बसून राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिलं भुकेलेल्यांना अन्न आणि दुसरं तहानलेल्यांना पाणी. माईंनी पहिलं खानावळीत केलं, दुसरं गेटवर. आणि आपण ग्रॅनाइटसाठी पैसे गोळा करतोय, माठ पंपरूममध्ये टाकून.

ए-२०५: माठ पंपरूममध्ये आहे??

सेक्रेटरी: हो. तिवईचा एक पाय निखळलाय, माठ शाबूत आहे.

सी-१००३: दुपारी डिलिव्हरीची मुलं तिथेच पाणी प्यायची. काल एक जण वॉचमनला विचारत होता, माठ कुठे गेला म्हणून.

डी-३०२: वॉटर कूलर बसवू. स्टेनलेस स्टील. माझ्या मेहुण्याचं दुकान आहे.

ए-२०५: आला मेहुणा 😄 गेल्या वेळचे सीसीटीव्ही अजून दिसायचेत.

डी-३०२: ते वायरिंग आधीच्या कमिटीने बिघडवलं, आमचा माल चांगला होता.

खजिनदार: रविवारी सायं. ६ वा. सभा. गाड्या दुपारी ४ पर्यंत.

ए-७०३ नाना: तिवई माझ्याकडे पाठवा. पाय बसवून देतो, संध्याकाळपर्यंत.

सेक्रेटरी: ठीक. माझीही चूक झाली, आधी ग्रुपवर विचारायला हवं होतं. माठ उद्या सकाळी जागेवर येईल. अट एकच, खाली परात ठेवायची आणि रोज पाणी बदलायचं. जबाबदारी कोण घेतंय ते लिहा.

बी-४०२ ताई: सोमवार आणि गुरुवार मी.

ए-२०५: मंगळवार.

सी-१००३: बुधवार आम्ही. शनिवारीही चालेल, मुलाला सुट्टी असते. वाळा कुठे मिळतो?

ए-१०४ काका: काष्ठौषधीच्या दुकानात. मी आणून ठेवतो. शुक्रवार माझा. मला वाकवत नाही, पण वॉचमन माठ उचलेल, घासेन मी.

सी-८०२: रविवार माझ्याकडे द्या.

माईंची सून: गाळायचं फडकं माझ्याकडे आहे. पांढरं, कडेला निळी शिवण घातलेलं. आजच गरम पाण्यातून काढून वाळत टाकलंय. बी-४०२ ताई, सकाळी साडेपाचला खाली येता का? पहिल्यांदा मी दाखवते, त्या कशा घासायच्या ते.

बी-४०२ ताई: येते.

ए-७०३ नाना: बोर्डावर अजून ‘कै.’च आहे.

सेक्रेटरी: पेंटर उद्या नऊला येतोय नाना. तुम्ही उभं राहून ‘वै.’ करून घ्या.