स्लाइड लायब्ररीतनं नेलेल्या स्लाइड्स परतच येत नाहीत, काय करू?

कृष्णाकाठ (सांगली): आमच्या आर्ट कॉलेजात ३५ एमएमच्या जुन्या स्लाइड्स (प्रोजेक्टरनं पडद्यावर दाखवायची फिल्मवरची चित्रं) आहेत, अजिंठ्याच्या, औंधच्या म्युझियममधल्या चित्रांच्या, आणि सर लोक लेक्चरला म्हणून मूठभर नेतात ते टर्म संपली तरी आणत नाहीत. रजिस्टरला नुसतं "२० स्लाइड्स", कुठल्या ते नाही. परवा अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या चित्राची स्लाइड स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये सापडली, चेहऱ्यावर बुरशीचं जाळं, रडूच आलं मला.

घाटमाथा (सातारा): ताई, आकडा लिहिणं बंद करा, प्रत्येक स्लाइडचा नंबर लिहा. स्लाइड काढली की तिच्या जागी माउंटच्याच (फिल्मभोवतीच्या चौकटीच्या) मापाचं, २ बाय २ इंचाचं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर नंबर, नाव, तारीख. ड्रॉवर उघडला की कुणाकडे काय आहे ते लगेच कळतं. परत घेताना मात्र लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पेटीवर) त्यांच्यासमोरच बघा, मागनं कुणी कबूल करत नाही.

जुना प्रोजेक्टरवाला: मुदत आठ दिवसच ठेवा. आणि स्लाइड सुलटी धरून डाव्या खालच्या कोपऱ्यात ठिपका मारा, प्रोजेक्टरच्या ट्रेमध्ये उलटी घातली की तो उजवीकडे वर येतो, चुकत नाही. एकच स्लाइड फार वेळ पडद्यावर ठेवू देऊ नका, दिव्यानं रंग उडतो. कोडॅकनं २००४ ला स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं, बल्बही जपा.

कृष्णाकाठ: कार्डं उद्याच कापायला घेते. पद्मपाणीची बुरशी पुसू का?

घाटमाथा: पाण्यानं अजिबात नको, इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) निघेल! सिलिका जेलच्या डब्यात वेगळी ठेवा, आधी स्कॅन करा, आणि इथनं पुढं तिची फाइलच द्या, मूळ स्लाइड बाहेर सोडूच नका.