मदत हवी आहे: पक्षांचे प्रकार आणि जन्म

परवापासून एकाच मुद्द्यावर अडकलेय. काही पक्ष संसदेच्या आत जन्मले, ब्रिटनमधले व्हिग आणि टोरी तसे: आधी सभागृहातले गट, मतदारांपर्यंत पसरलेली संघटना फार नंतरची. काही बाहेरून आले. 1900 मध्ये लंडनला कामगार संघटना आणि समाजवादी गटांनी मिळून एक समिती नेमली, तीच 1906 मध्ये लेबर पार्टी झाली. संघटनांच्या वर्गणीवर उभा राहिलेला पक्ष! हे मला फार मोलाचं वाटतं.

पण 1980 चा जर्मनीतला ग्रीन पक्ष कुठे बसवायचा? तोही बाहेरचाच, चळवळीतून आलेला, पण मागे कामगार संघटना नाही. त्याला जनाधारित पक्ष (म्हणजे सामान्य सदस्यांच्या मोठ्या संख्येवर आणि वर्गणीवर उभा असलेला) म्हणायचं की वेगळा प्रकार मानायचा? जाणकारांनी कृपया कारणासह सांगा.