शब्दचर्चा : नायिकेचं 'ध्येय', नायकाचा 'पण' आणि मधला 'संघर्ष'

रिकामी ओळ
मी इथे 'रिकामी ओळ' या नावाने लिहिते. पहिल्यांदाच मोठी प्रेमकथा लिहायला घेतली आहे. तीन प्रकरणं एका ऑनलाइन लेखनवर्गात वाचून दाखवली. शिकवणाऱ्या बाई मराठीच, पण शेरा आला तो असा : "हिरॉइनला गोल नाही आणि दोघांत कॉन्फ्लिक्ट नाही." आई शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "गोल नाही तर काय, चौकोनी आहे?"

अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांत गोल, मोटिव्हेशन, कॉन्फ्लिक्ट (पात्राला काय हवंय, का हवंय, आड काय येतं) ही तिकडी फार चालते, एवढं मला कळलं. पण वहीत ती मराठीतून मांडायला बसले आणि 'ध्येय' आणि 'संघर्ष' यांपलीकडे शब्दच सुचेनात. शेवटी लिहिलं, "नायिकेचं ध्येय : नायकाचं प्रेम मिळवणं. संघर्ष : घरच्यांचा विरोध." वाचून मलाच जांभई आली.

गोष्ट थोडक्यात सांगते. राजापूरकडचं एक गाव. नायिका एका जुन्या घराच्या पडवीत भाड्याने खाणावळ चालवते. नायक त्या घराच्या सहा वाटेकऱ्यांपैकी एक. गणपतीला डोंबिवलीहून येतो, तिच्याकडे जेवतो. त्याला आधी तिची सोलकढी आवडते, मग ती. पुढे काय, हे मला माहीत नाही.

तर, या दोन गोष्टींना आपल्याकडे खरे शब्द कोणते? पारिभाषिक कोशातले नकोत, ज्यांनी विचार पुढे सरकेल असे हवेत.

अडकित्ता
'ध्येय' हा शब्द पहिल्यांदा वहीतून खोडा. त्याला व्यासपीठाचा वास येतो. ध्येयवादी नायक म्हटला की खादीचा सदरा आणि खिडकीतून दूर पाहणारी नजर आलीच. 'उद्दिष्ट' तर त्याहून वाईट. उद्दिष्ट असतं ते वसुलीचं नाहीतर वृक्षलागवडीचं. नायिकेला मार्चअखेर गाठायची आहे का? 'लक्ष्य' चाललं असतं, पण निम्मे लोक त्याचं 'लक्ष' करतात.

घरात आपण काय बोलतो ते आठवा. "तिने काय मनात धरलंय कोण जाणे." "हट्टालाच पेटलाय." "एकच ध्यास घेतलाय." यातलं प्रत्येक वाक्य एकेका माणसासारखं वेगळं आहे. हट्टाला पेटलेली नायिका आणि मनात धरून बसलेली नायिका एकाच गोष्टीत एकसारखं वागणार नाहीत.

कॉन्फ्लिक्टसाठी तर मराठीत प्रश्नच तयार आहे : "घोडं कुठे पेंड खातंय?" तुमच्या गोष्टीत ते कुठेच खात नाहीये. सरळ बोहल्यापर्यंत पळतंय.

तालीमवाला
'पेच' राहिला की! आमच्या कोल्हापुरात तो डावासोबतच येतो, डावपेच. दोघं मल्ल आखाड्यात उतरतात तेव्हा दोघांनाही एकच पाहिजे असतं, समोरच्याची पाठ मातीला लावायची. दोघांचं एकाच वेळी होऊ शकत नाही म्हणून तर ती कुस्ती. एकाला कुस्ती जिंकायची आणि दुसऱ्याला नुसतं दूध प्यायचं असेल तर लोक तिकीट कशाला काढतील?

आता क्रियापदं बघा. पतंगांचा पेच *लागतो*, त्याला दोन पतंग लागतात. माणसाला पेच *पडतो*, तो एकट्यालाही पडतो. तुमच्या बाई बाहेरचा आणि आतला कॉन्फ्लिक्ट असं काहीतरी म्हणाल्या असतील ना? तो फरक 'लागणे' आणि 'पडणे' यांत आधीच आहे.

रिकामी ओळ
लागणे आणि पडणे! हे भिंतीवर चिकटवून ठेवते. बाईंनी एक्स्टर्नल-इंटर्नलचा अख्खा तक्ता दिला होता, तो मला पाठ होत नव्हता.

अडकित्ता, 'विरोध'ही खोडू का?

अडकित्ता
खोडू नका, पण कोणी आणि कसा केला ते विचारा. 'घरच्यांचा विरोध' म्हणजे काहीच नाही. आत्या *मोडता घालते*, म्हणजे ठरत आलेलं मोडते. चुलता *खोडा घालतो*. शेजारीण *पाचर मारते*, आणि पाचर मारायला आधी फट लागते, म्हणजे दोघांत ती आधीपासून होती. जमलेल्या दुधात *मिठाचा खडा* पडतो. प्रत्येकात माणूस वेगळा, हत्यार वेगळं. 'विरोध' लिहिलात की हे सगळे एकाच चेहऱ्याचे होतात आणि हॉलमध्ये सोफ्यावर ओळीने बसून "हे लग्न होणार नाही" म्हणतात.

पोथीनिष्ठ
थोडं मागे जाऊ. संघर्ष म्हणजे मुळात घासणं, सम् आणि घृष्. दोन वस्तू इतक्या जवळ हव्यात की एकमेकींना घासतील. एक डोंबिवलीत आणि एक राजापुरात, तर संघर्ष कुठून?

पण प्रेमकथेसाठी माझं मत 'द्वंद्व' या शब्दाला. संस्कृतात द्वंद्व म्हणजे जोडी, स्त्री-पुरुषाचीसुद्धा. आणि द्वंद्व म्हणजे दोघांची झुंजही. मराठीत दोन्ही शिल्लक आहेत : द्वंद्वगीत प्रेमिकांचं, द्वंद्वयुद्ध शत्रूंचं. व्याकरणातला द्वंद्व समास घ्या, 'आईवडील', 'मीठभाकर'. दोन्ही पदांना सारखं महत्त्व, हीच त्याची अट. तुमच्या गोष्टीत दुसरं पद कुठे आहे? नायिका सोलकढी वाढते, नायक पितो. हा तत्पुरुष झाला.

शिवाय आपल्याकडे प्रेमातल्या अडचणींची यादी फार पूर्वी झालेली आहे. 11व्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे मिलन नसलेल्या प्रेमाचे, पाच प्रकार सांगितले : अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप. अजून भेटच नाही, भेटून दुरावा, मत्सर, एक जण परगावी, आणि ज्यावर दोघांचाही काही इलाज नाही असं संकट. आज शापाच्या जागी व्हिसा घाला, ईर्ष्येच्या जागी 'लास्ट सीन'. यादी तीच राहते.

रामटेकवाली
शाप आणि प्रवास दोन्ही एकत्र हवेत तर आमच्याकडे या! कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष वर्षभराच्या शापाची शिक्षा ज्या रामगिरीवर भोगतो, तो म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो.

मी मेघदूताकडे लेखनाच्या अंगाने पाहिलं तर एक गोष्ट फार आवडते. यक्ष नुसता उसासत नाही, काम करतो. ढगाला गाठतो, त्याला फुलं वाहतो, रस्ता समजावून सांगतो, निरोप देतो. आणि मुदतही पक्की आहे : विष्णू शेषशय्येवरून उठला की शाप संपणार, तोवर चार महिने काढायचे. म्हणजे प्रबोधिनी एकादशीपर्यंत. हवंय काय, करतोय काय, कधीपर्यंत, सगळं आहे.

रिकामी ओळ
पण मग यक्ष आणि त्याची बायको यांच्यात द्वंद्व कुठे आहे? दोघांना एकच हवंय, भेट. मध्ये उभा आहे तो शाप देणारा कुबेर.

रामटेकवाली
खरंय. म्हणून तर ते काव्य आहे, कादंबरी नाही. विरहावर शंभर-सव्वाशे श्लोक निघतात. तीनशे पानं काढायची तर दोघांना एकमेकांच्या आड यावं लागतं.

पोथीनिष्ठ
याच जागी कालिदासाचा एक निर्णय पाहण्यासारखा आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत दुर्वासाचा शाप नाही, अंगठीही नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं. लोक काय म्हणतील म्हणून तो भर दरबारात तिला ओळखत नाही म्हणतो, आणि ती त्याला चांगली खडसावते. कालिदासाने 'शाकुंतला'त विसर पडण्याचा शाप आणला आणि राजाला वाचवलं. नायक निर्दोष झाला, पण पेच *पडायचा* तो बाहेरून *लागला*. आजच्या लेखकाला मी महाभारताची वाट घ्यायला सांगेन.

अडकित्ता
संगीत नाटकंही यासाठी चाळा. 1882च्या 'सौभद्र'मध्ये अर्जुन-सुभद्रेचं एकमेकांशी काहीच भांडण नाही. बलरामाला तिला दुर्योधनाला द्यायचंय, कृष्णाला ते होऊ द्यायचं नाही. खरी कुस्ती त्या दोन भावांची. मजा येते ती संन्याशाच्या वेषातला अर्जुन प्रेक्षकांना कळतो आणि सुभद्रेला कळत नाही म्हणून. त्याच नाटकात रुक्मिणीचा रुसवाही आहे, तो एका पदात निघतो. रुसवा आणि संघर्ष यांतला फरक तोच, एका पदात निघाला तर तो रुसवा. हल्लीच्या कितीतरी प्रेमकथांत रुसवाच ताणून दोनशे पानं केलेली असतात.

गैरसमजाचंही तेच. 'संशयकल्लोळ'मध्ये एक तसबीर चुकीच्या हाती सापडते आणि नाटकभर धमाल चालते, कारण तो फार्स आहे. गंभीर प्रेमकथेत "अगं, ती माझी बहीण होती" एवढ्या वाक्याने सुटणारा तिढा असेल तर वाचक पुस्तक मिटतो.

शेवटचा बाक
मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून जरा व्याकरण. रिकामी ओळ, तुमच्या प्रकरणांतली नायिकेची वाक्यं काढून बघा. किती वाक्यांत ती 'तिला' आहे आणि किती वाक्यांत 'ती' किंवा 'तिने'?

मराठीत इच्छा आणि भावना आपल्या*ला* होतात. तिला तो आवडतो. तिला वाटतं. तिला आठवतं. तिला हवंय. या वाक्यांत ती कर्ता नाहीच. तिच्यावर काहीतरी येऊन आदळतं. 'तिला तो आवडतो' यात क्रियापद त्याच्यामागे चालतं : तो आवडतो, ती आवडते, ते आवडतात. 'मी तुझ्यावर प्रेम करते' हे मराठीत जरा भाषांतरासारखं वाटतं ते याच कारणाने. आपल्याकडे प्रेम कोणी करत नाही, ते बसतं, जडतं.

ज्याला तुमच्या बाई गोल म्हणतात तो मात्र 'तिने'मध्ये येतो. तिने ठरवलं. तिने पैसे बाजूला टाकले. ती तालुक्याला गेली.

रिकामी ओळ
आत्ता मोजलं. पहिल्या प्रकरणात नायिकेची 41 वाक्यं. त्यांतल्या 33 वाक्यांत 'तिला'. उरलेल्या आठांत ती ताट वाढते, पदर खोचते, हसते.

ऐकूनच लाज वाटली.

शेवटचा बाक
लाजू नका आणि सगळे 'तिला' काढूनही टाकू नका, नाहीतर प्रेमच जाईल. प्रेम 'तिला'मध्ये राहू दे, धडपड 'तिने'मध्ये घाला, आणि दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध उभी करा. "तिला तो आवडू लागला" आणि "तिने त्याच्या काकांना फोन करून घर विकू नका म्हणून सांगितलं" ही दोन्ही एकाच दुपारी घडू देत.

तालीमवाला
सर, एक नंबर! मग माझाही एक शब्द घ्या, 'पण'. सीतेच्या स्वयंवरात जनकाने पण लावला, शिवधनुष्याचा. तो पण म्हणजे मिळवायची गोष्ट. आणि दुसरा पण म्हणजे 'परंतु', म्हणजे अडचण. एकाच शब्दात गोल पण आला आणि कॉन्फ्लिक्ट पण आला.

पोथीनिष्ठ
गंमत छान आहे, मात्र दोघांचं कूळ वेगळं. पैजेचा 'पण' संस्कृतातून जसाच्या तसा आला, आणि 'परंतु'वाला 'पण' हा 'पुनर्'पासून प्राकृताच्या वाटेने. पण (हा तिसरा!) तुमच्या उदाहरणातली खोच वेगळीच आहे. स्वयंवर सीतेचं आणि पण जनकाचा. सीतेला काय हवं होतं, ते पणात कुठेच नव्हतं. कितीतरी नायिकांचं असंच होतं, त्यांचा पण दुसरंच कोणीतरी लावतं.

रिकामी ओळ
ठीक. पुन्हा लिहून बघते.

तिने आजवर तीनदा जागा बदलली आहे. तीनदा चूल नव्याने मांडली, तीनदा गिऱ्हाईक तुटलं. या वेळी तिने मनात धरलंय, की पडवी आणि मागची खोली विकत घ्यायची. त्याला डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज फेडायला दिवाळीच्या आत अख्खं घर विकायचंय, आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाला पडवीसकट हवंय. दोघं त्याच काका-काकूंच्या दारात खेटे घालतात, तो सकाळी, ती दुपारच्या जेवणावळी उरकल्यावर. एकदा लांज्याच्या एसटीत शेजारी बसावं लागतं, दोघांच्याही पिशवीत कागद.

पुढे असा विचार केलाय की लग्न होतं, तो विक्री रद्द करतो आणि सातबारावर तिचं नाव लागतं. गोड शेवट.

दप्तरी
बराच वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. तलाठी कार्यालयाच्या बाहेर अर्ज लिहून देण्यात माझी वीस वर्षं गेली.

1. घर गावठाणात असेल तर सातबारा विसरा. ग्रामपंचायतीचा नमुना नं. 8, म्हणजे घरपट्टीची नोंद, पाहा.

2. नायक स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो. अख्खं घर विकायचं तर सहाही जणांच्या सह्या लागतील. म्हणजे पाच सह्या गोळा झाल्यावर सहावी त्याची स्वतःचीच. पेच *पडायला* याहून चांगली जागा तुम्हाला मिळणार नाही.

3. पडवी तिच्या नावे करायला हक्कसोडपत्र चालणार नाही, ते वाटेकऱ्यांतच होतं आणि ती वाटेकरी नाही. विकत घ्यायची तर खरेदीखतच करावं लागेल, मुद्रांक शुल्क भरून.

रिकामी ओळ
लग्न झाल्यावरही?

दप्तरी
लग्नाने ती त्याची बायको होते, घराची हिस्सेदार होत नाही.

रिकामी ओळ
म्हणजे त्याने हो म्हटलं, हिने हो म्हटलं, मांडव पडला, तरी पडवी भाड्याचीच?

दप्तरी
भाड्याचीच. फक्त आता भाडं सासऱ्यांना.

अडकित्ता
सासऱ्यांना भाडं! त्यावरच एक प्रकरण होईल.

रिकामी ओळ
शेवटचं प्रकरण फाडलं. लग्न मधेच उरकून टाकते, विसाव्या पानाच्या आसपास. खरेदीखताची तारीख शेवटी.