यक्ष, नाग, वेताळ आणि माणसं एकाच पेठेत राहतात, पण ते राहणं खरं वाटत नाहीये

घाटवाट:
नमस्कार मंडळी, वर्षभर एक मोठी कथा लिहितोय, जग पूर्ण काल्पनिक आहे. घाटाच्या तोंडाशी एक पेठ आणि तिथे चार जमाती. माणसं, यक्ष (सहाशे वर्षं जगतात, खाणी आणि सावकारी त्यांच्याकडे), नाग (जमिनीखाली वस्त्या, थंडीत सुस्त पडतात) आणि वेताळ, जे रात्रीच जागे असतात. लढाया लिहून झाल्या, अडकलोय ते शांततेच्या काळात. चौघांचं एक मंडळ केलंय, प्रत्येकाचा एक प्रतिनिधी, ते बसतात आणि ठराव करतात, पण त्यात जीवच येत नाही. म्हणून आता बलुतेदारीसारखं करावं असं डोक्यात आहे, म्हणजे नागांनी विहिरी खणायच्या, वेताळांनी रात्रीची राखण, माणसं शेती करणार आणि सुगीला सगळ्यांना धान्यातला वाटा. चालेल का?

कोरडी विहीर:
बलुतेदारी घेताय तर अर्धी नका घेऊ. बारा बलुतेदार, खळ्यावरचा वाटा, सगळे एकमेकांवर अवलंबून, हे चित्र आपल्याला शाळेपासून छान दिसतं पण त्याच गावात गावकुसाबाहेर कोण राहायचं आणि पाणी कोण कुठून भरायचं हे त्याच व्यवस्थेत होतं ना. तुमच्या मंडळाचंच घ्या. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तरी त्या तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन जावं लागलं. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळं "शुद्ध" करून घेतलं गेलं आणि कोर्टातला दावा १९३७ पर्यंत चालला. ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं असं नसतं. तुमच्या पेठेत विहीर नागांनी खणली, मग त्याच विहिरीचं पाणी नागाला चालतं का? हा एक प्रसंग लिहा, मंडळाच्या दहा बैठका लिहायची गरज पडणार नाही.
अजून एक, मनापासून सांगतो. नाग जन्मतःच खणणारा, वेताळ जन्मतःच राखणदार असं तुम्ही लेखक म्हणूनच पक्कं करून टाकलंत तर जे आपण इथे मोडायला बघतोय तेच तुमच्या जगात निसर्गाचा नियम होऊन बसेल. पेठेतले लोक तसं मानत असू दे, कथेने मानू नये. एखाद्या नागाच्या पोरीला खतावणी, म्हणजे हिशेबाची वही लिहायला, शिकायचीय, मग काय होतं?

अष्टागर:
वरच्यांशी सहमत, पण प्रेमाने राहण्याची उदाहरणंही आहेत आपल्याकडे. आमच्या अलिबाग बाजूला बेने इस्राएल लोक शेकडो वर्षं राहिले, तेलाचे घाणे चालवायचे, घरात मराठी, आडनावं गावांवरून पेणकर, नवगावकर अशी. शनिवारी घाणा बंद, म्हणून बाकीचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. म्हणजे शेजाऱ्याला त्यांचा धर्म काय हे फारसं माहीत नव्हतं, पण हे कुठल्या दिवशी थांबतात ते पक्कं माहीत होतं! तुम्ही जमात काय काम करते यावर थांबलात, ती कधी काम करत नाही ते बघा की. नागपंचमीला आपण नांगर धरत नाही, खणत नाही, चिरणं-कापणं नाही, तवा ठेवत नाही. तुमच्या जगात हा सरळ करार असू शकतो, खाली वस्ती आहे म्हणून वर्षातला एक दिवस वर कोणी कुदळ मारायची नाही, आणि ज्याने मारली त्याची गोष्ट.
आणि वेताळाला नुसतं भूत नका ठेवू प्लीज. कोकणात, गोव्यात तो गावाचा देव आहे, आमोण्याला त्याचं देऊळ आहे.

खतावणी:
मला यक्षांची सावकारी सगळ्यात भारी वाटली. सहाशे वर्षं जगणारा सावकार म्हणजे पणजोबाने घेतलेले चाळीस होन त्याला कालच्यासारखे आठवणार, व्याज चढतच जाणार, शंभर वर्षांत सगळी पेठ त्याची. मग बाकीचे गप्प बसतील का? आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता, एका वेळी वसूल करायचं व्याज मुदलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, मुंबई इलाख्यात इंग्रजांची कोर्टंसुद्धा तो मानायची. असा एक नियम पेठेत असेल तर तो कोणीतरी भांडून मिळवलेला असणार आणि यक्षांना तो अजून खुपत असणार, कारण ज्यांनी भांडून घेतला ती माणसं कधीच गेली आणि हरलेले यक्ष मात्र अजून पेढीवर बसलेत.
मंडळाऐवजी गोतसभा बघा. वतनाचं भांडण असलं की गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार सगळे बसायचे, निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी कागद, व्हायचा आणि त्यावर पाटलाची सही म्हणजे नांगराची निशाणी. तुमच्याकडे कागदावर नागाची निशाणी काय असेल? आणि सभा दिवसा भरली तर वेताळ येणार कसे, त्यांच्या माघारी किती निवाडे झाले असतील?

घाटवाट:
खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री मंडळाची तिन्ही प्रकरणं काढून टाकली. कोरडी विहीर, तुमचं बरोबर आहे, मी कामं वाटून दिली आणि त्यालाच समाज समजत होतो. आता सुरुवात अशी धरलीय की गोतसभा पहिल्यांदाच संध्याकाळी भरतेय, दिवे लागताना, कारण एका वेताळ बाईने दिवसा झालेला निवाडा मानायला नकार दिलाय. वाद विहिरीचाच आहे. थंडीचे दिवस आहेत त्यामुळे ज्या नागाने ती खणली त्याला नीट बोलताही येत नाहीये आणि त्याच्या वतीने त्याची मुलगी उभी राहते, हातात खतावणी. खतावणी, तुम्हाला एक विचारायचं होतं, महजरावर साक्षीदारांची नावं कुठल्या क्रमाने यायची? कारण तिचं नाव कुठे लिहायचं यावरच सभा अडणार आहे.