फायबर दाराशीच थांबवा, आत लॅनची (नेटची तांब्याची) केबल ओढा: पटतंय का?

सिडको_रोहाउस
आमच्या गल्लीत बरीच घरं तांब्याच्या लाइनीवरून फायबरवर गेली. बहुतेक घरांत राउटरचा डबा टीव्हीच्या मागे, कारण वायर तिथवरच पुरली. मग सुरू, "वरच्या खोलीत रेंज नाही, प्लॅन वाढवून काय उपयोग?" प्लॅन बिचारा काय करणार! वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल आरसीसीच्या स्लॅबमधून जेमतेम पलीकडे जातो. २.४ चा जातो, पण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच (१, ६, ११), आणि आमच्याकडे भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचे राउटर.

म्हणून माझं म्हणणं असं: फायबर जिथून घरात शिरतं तिथेच ओएनटी (फायबरचा सिग्नल नेटमध्ये बदलणारा डबा) बसवा. तिथून कॅट-६ ही लॅनची केबल जिन्याने वर न्या आणि वर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता, लावा. कनेक्शन द्यायला येणाऱ्या मुलाला पुढची घरं गाठायची असतात, तो सोयीची जागा बघणारच. आपली जागा तो यायच्या आधी ठरलेली हवी. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

फिरकी_पाना
विरोध आहे. दाराशी का थांबवायचं? फायबरमध्ये सिग्नलची घट किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल (घट मोजायचं माप). घरातल्या २० मीटरला ती किती होणार? ही सगळी एडीएसएलच्या, म्हणजे फोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटच्या, काळातली सवय आहे. तेव्हा फिल्टर न लावता पॅरलल फोनचा फाटा काढला की नेट अडखळायचं, म्हणून मोडेम पहिल्या पॉइंटलाच ठेवायचे. फायबरला तो नियम कशाला? जिन्याच्या वळणावर, घराच्या मध्यात डबा बसवा. जिन्याच्या पोकळीतून सिग्नल वर जातो, स्लॅब आडवा येत नाही. एक डबा, एक ॲडाप्टर. तुमचा तो दुसरा राउटर बिघडला तर तुम्ही कामावर असताना घरात कोण बघणार?

सिडको_रोहाउस
घट तारेत नसते हो, जोडात आणि वळणात असते. हाताने लावलेला फास्ट कनेक्टर (फायबरच्या टोकाचा जोड) नीट बसला नाही तर अर्धा डेसिबल सहज खातो. वायर दाराच्या फटीत चेपली, कपाटामागे मुडपली, की ओएनटीवर लॉसचा लाल दिवा. लॅनचं टोक खराब झालं तर कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे क्रिंपर (टोक दाबून बसवायची पकड) असतो. फायबरचं टोक करायला क्लीव्हर (फायबर सरळ कापायचं हत्यार) लागतो, म्हणजे तक्रार नोंदवा आणि माणसाची वाट बघा.

फिरकी_पाना
अर्धा डेसिबल गेला तर गेला! नेहमीचा ओएनटी उणे २७ डीबीएमपर्यंत (उणे आकडा मोठा तितका सिग्नल कमजोर) सिग्नल वाचतो. तुमच्या दारात उणे २० मिळत असेल तर अर्ध्याने काय बिघडणार? आणि घरात जोड हवाच कशाला? बाहेरच्या डब्यापासून सलग वायर मागा, आधी सांगितलं तर आणतात. वळण बांगडीएवढं गोल ठेवलं की झालं.

पंचवटी_वाडा
तुम्हा दोघांकडे भिंतीत छिद्र पाडायची मुभा आहे. आम्ही वाड्यात भाड्याने. भिंती दीड-दोन फुटी आणि खिळा मारायचा तरी घरमालकांना विचारावं लागतं. आम्हाला मेशच (एकमेकांशी बिनतारी जोडलेले वाय-फायचे डबे) बरा. दोन डबे आणले, प्लगला लावले, काम झालं.

सिडको_रोहाउस
मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार ना? त्या जाड भिंतीतून दुसऱ्या डब्यापर्यंतच सिग्नल मेला तर तो पुढे काय देणार? शिवाय एकाच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर घ्यायचं आणि त्याच पट्ट्यावर द्यायचं म्हटलं की वेग अर्ध्यावर येतो.

पंचवटी_वाडा
भिंतीतून कोण नेतंय! मधला चौक उघडा आहे. एक डबा पुढच्या सोप्यात खिडकीशी, दुसरा चौकापलीकडे समोरच्या खिडकीत. एकाला दुसरा दिसतो. लोक दुसरा डबा जिथे रेंज नाही तिथे नेऊन ठेवतात आणि मेशला नावं ठेवतात. पहिल्याची रेंज चांगली आहे तिथेच दुसरा ठेवावा लागतो.

कन्सील्ड_पाइप
मी वायरिंगची कामं घेतो, नाशिकला इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे जास्त. वाद चालू द्या, पण केबलचं आधी बघा. स्वस्तातल्या बऱ्याच 'कॅट-६' मध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. तार चाकूने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. टोकाला आठही तारा लावून घ्या. कारागीर चारच लावून मोकळा झाला तर वेग १०० एमबीपीएसवर अडकतो आणि तुम्ही ३०० च्या प्लॅनचे पैसे भरत बसता. आणि लाइटच्या पाइपातून लॅन ओढू नका. २३० व्होल्टच्या शेजारी ती टाकतच नाहीत, तिला वेगळा पाइप किंवा वेगळी पट्टी.

गच्चीवरून, बाहेरून लॅन वर नेणारे तर फारच. मे महिन्यात वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा ती तांब्याची तार पोर्ट जाळते, कधी टीव्हीही घेऊन जाते. बाहेरून न्यायचंच असेल तर फायबर न्या. इथे मी फिरकींच्या बाजूने.

गंगापूर_रोड
एक विचारू? फोर-के सिनेमाला २५ एमबीपीएस पुरतात. चार जणांच्या घरात ३०० हवेत कशाला? राउटर टीव्हीमागून काढून कपाटावर ठेवा, फिश टँक आणि आरशापासून लांब. पाण्यातून आणि आरशाच्या मागच्या थरातून सिग्नल नीट जात नाही. १०० चा प्लॅन घ्या. केबलचा खर्च नाही, भिंतीला भोक नाही.

सिडको_रोहाउस
कपाटावर ठेवल्याने स्लॅब पातळ होत नाही साहेब. वर मुलीचा ऑनलाइन क्लास आणि माझी ऑफिस मीटिंग एका वेळी चालते, तिथे २५ चा हिशेब कागदावरच राहतो.

गंगापूर_रोड
मग अडचण रेंजची आहे, प्लॅनची नाही. म्हणजे १०० वरही तीच केबल लागणार. ३०० चं कारण अजून मिळालं नाही.

सिडको_रोहाउस
ते खरं आहे, प्लॅनचा पुन्हा विचार करतो. केबलवर मात्र ठाम. बाहेरून सलग फायबर मागणार, फिरकींची तेवढी सूचना घेतली. पण ते दारापर्यंतच. पुढे जिन्याच्या कडेने पीव्हीसी पट्टीतून कॅट-६. दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना नेटचे पत्ते वाटणारी सोय) बंद, केबल लॅन पोर्टमध्ये, नाव आणि पासवर्ड खालचेच.

फिरकी_पाना
ठीक आहे, करा. वरच्या खोलीतला प्लग इन्व्हर्टरवर आहे का? आमच्याकडे रो-हाउसमध्ये बहुतेकांचा खालचाच हॉल इन्व्हर्टरवर असतो. लाइट गेली की खालचा ओएनटी चालू, वरचा राउटर बंद, आणि मीटिंगसाठी तुम्ही लॅपटॉप घेऊन जिन्यात, मी सांगितलेल्याच जागी.

कन्सील्ड_पाइप
त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना फक्त ॲडाप्टरवरचे ॲम्पिअर जुळवून घ्या.