मदत हवी आहे: फाइल मॅनेजरमधला शोध सोपा कसा करू?

लिनक्सवरच्या एका फाइल मॅनेजरच्या शोधावर फावल्या वेळात काम करतोय. दोन-तीन ठिकाणी अडकलोय.

पहिलं म्हणजे, शोध नेमका कुठे चाललाय हेच कळत नाही. परवा मीच 'अहवाल' शोधला, तर 'काही सापडले नाही'. फाइल होती शेजारच्या फोल्डरात! 'इथे नाही, सगळीकडे शोधू?' असं बटण द्यावं, की आधीपासूनच सगळीकडे शोधावं?

दुसरं जास्त छळतंय. लिनक्सची 'लोकेट' ही शोधाची कमांड फाइलींच्या आधी बनवलेल्या यादीत बघते म्हणून झटपट, पण यादी शिळी असेल तर आत्ता सेव्ह केलेली फाइल गायब. 'फाइंड' ही दुसरी कमांड एकेक फोल्डर धुंडाळते. उत्तर ताजं, पण वेळखाऊ. मी दोन्ही जोडलं: आधी यादीतले निकाल, मग मागून नवे. झालं काय, तर क्लिक करायला जावं आणि ऐन वेळी ओळी खाली सरकतात, भलतीच फाइल उघडते. नवे निकाल तळाशी टाकले तर तारखेचा क्रम बिघडतो. यावर कुणी काय केलंय?

देवनागरी नावांचंही एक आहे. 'ऱ' युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो, आणि 'र' अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असाही. दिसायला सारखे, पण शोध चुकतो. नॉर्मलायझेशनने, म्हणजे दोन्ही रूपं एकाच रूपात बदलून, ते निस्तरेन. पण '२' टाइप केल्यावर इंग्रजी आकड्यातला दोनही सापडावा का? मला वाटतं, सापडावा. तुम्ही रोज वापरता, तुम्हाला काय सोयीचं पडेल?