प्रत्येक खाचकार म्हणजे थडग्याचाच दगड का?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. आर्मेनियातील सेवान सरोवराजवळच्या नोरातुस या गावाची जुनी दफनभूमी मी अलीकडेच पाहिली. उघड्या माळावर 'खाचकार' म्हणतात ते शेकडो दगड उभे आहेत आणि प्रत्येकावर जाळीदार नक्षीत कोरलेला क्रूस आहे. एका दगडाला अगदी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा क्रूसाच्या भुजांवर केशरी दगडफूल चढलेले होते आणि पायथ्याशी विझलेल्या मेणबत्तीचे मेण थिजले होते. माझ्या मनात घोळत राहिली ती गोष्ट अशी, की आपल्या वीरगळावर मेलेला वीर लढताना आणि मग स्वर्गात जाताना दिसतो, पण या उभ्या दगडांवर मला मृत माणूस दिसला नाही. पुढे गेघार्ड मठात तर असेच क्रूस सरळ कातळात कोरलेले होते आणि तिथे जवळपास कबरही मला दिसली नाही. मग खाचकार हे मृताचे स्मारक मानावे की नाही?

उत्तर १

आधी शब्द पाहू. आर्मेनियन भाषेत 'खाच' म्हणजे क्रूस आणि 'कार' म्हणजे दगड. आपल्या मराठी 'खाचे'शी त्याचा काही संबंध नाही. प्रत्येक खाचकार थडग्याचा नसतो, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. ज्ञात तारीख असलेला सर्वांत जुना खाचकार इ. स. 879 मधला असून तो आर्मेनियाचा राजा अशोत पहिला बाग्रातुनी याची राणी कातरानिदे हिने आर्मेनियातीलच गार्नी येथे उभारला. युद्धातील विजय, चर्चचे बांधकाम, संकटापासून रक्षण अशा निमित्तांनीही हे दगड उभे राहिले. परंतु सर्वांत जास्त वेळा कारण असते ते आत्म्याच्या तारणाचे, मग तो आत्मा मृताचा असो वा अजून हयात असलेल्या माणसाचा.

म्हणूनच मृताचे चित्र तिथे लागत नाही. वीरगळ गेलेल्याचा पराक्रम सांगतो, तर खाचकार वाचणाऱ्याकडे त्याच्यासाठी प्रार्थना मागतो, आणि शिलालेखांतील मजकूरही बहुधा तसाच असतो. दगड उभारल्यावर त्याला पवित्र तेलाचा अभ्यंग करून आशीर्वाद देत, आणि त्यानंतर तो नुसता दगड राहत नसे. आपण पाहिलेले मेण त्याच श्रद्धेचे आहे. कोरलेली बाजू पश्चिमेकडे असते, त्यामुळे समोर उभा राहणारा आपोआप पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतो. कबरीवरचा खाचकार मृताच्या पायांकडे उभारत, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी तो उठेल तेव्हा क्रूस त्याच्या डोळ्यांसमोर असेल. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या मांडणीतच आहे.

उत्तर २

वरील उत्तरात घडणीविषयी थोडी भर घालतो. क्रूसाच्या तळातून दोन्ही बाजूंना पाने वर वळलेली असतात, कारण हा क्रूस म्हणजे फुललेला जीवनवृक्ष आहे. त्याखाली बहुधा एक वर्तुळाकार चक्र असते. येशूची आकृती असलेले खाचकार मोजकेच असून हाघ्पात मठातील 1273 चा त्यांत प्रसिद्ध आहे. दगड स्थानिकच वापरत, म्हणजे बेसॉल्ट किंवा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला टफ. छिन्नी-हातोड्याने कोरून झाल्यावर तो बारीक वाळूने घासत. गोशावांक मठात पोघोस नावाच्या पाथरवटाने 1291 मध्ये घडवलेला खाचकार आवर्जून पाहावा. त्याची नक्षी इतकी नाजूक आहे, की दगडावर सुईने विणकाम केल्यासारखे वाटते. कसब म्हणून या कलेला बाराव्या ते चौदाव्या शतकांत जो बहर आला, तो पुन्हा क्वचितच दिसला.

उत्तर ३

नोरातुसचे नाव निघाले म्हणून जुघाचेही नाव घेणे मला आवश्यक वाटते. नखिचेवानमध्ये अरास नदीकाठी असलेली ही दफनभूमी नोरातुसपेक्षा कितीतरी मोठी होती. 1648 मध्ये तिथून गेलेल्या एका फ्रेंच पाद्र्याने सुमारे 10,000 दगडांची नोंद केली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांतले दोन-तीन हजारच उरले होते, आणि तेही 1998 ते 2005 या काळात अझरबैजानच्या ताब्यातील त्या भूमीवर फोडून टाकण्यात आले. डिसेंबर 2005 मध्ये घण घालणारे सैनिक पलीकडच्या इराणी काठावरून चित्रित झाले आहेत, आणि दफनभूमी सपाट झाल्याचे पुढे उपग्रहांच्या छायाचित्रांतूनही दिसले. 2010 मध्ये युनेस्कोने खाचकार घडवण्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तोवर तिथे एकही दगड उभा नव्हता. हे लिहिताना आजही माझा जीव तुटतो.

आपल्याशी याचा एक खरा धागा आहे. इराणच्या शाह अब्बासने 1604 च्या सुमारास जुघाच्या (म्हणजेच जुल्फाच्या) आर्मेनियन लोकांना हुसकावून इस्फहानजवळ नव्या जुल्फात वसवले, आणि त्याच वस्तीतले व्यापारी पुढे सुरत, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे आले. मुंबईच्या फोर्टमधले आर्मेनियन चर्च त्यांच्याच समाजाचे.

जुघाचे काही खाचकार विध्वंसाच्या आधीच आर्मेनियन चर्चचे मुख्य पीठ असलेल्या एचमियाद्झिन येथे हलवले होते, म्हणून ते वाचले. त्यांच्या पायथ्याशी आता कबर नाही. तरीही मी त्यांना मृतांची स्मारकेच म्हणेन, कारण ज्यांच्यासाठी ते घडवले, त्यांच्या कबरींवर आता दुसरा दगड उरलेला नाही.